खालच्या ओळीतली अंबिका

आमच्या सोलापुरात कोण केवढा मोठा हे माणूस बघून कळत नाही, फ्लेक्स बघून कळतं. मधोमध साहेबांचा फोटो, छातीपासून वर. त्यांच्या डोक्यावर ढगांत साहेबांचे साहेब. दोन्ही बाजूंना जरा लहान चेहरे, ते उजवे-डावे हात. आणि अगदी तळाला टपालाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत, ज्यांना नाही म्हणता येत नाही अशांची रांग. त्या रांगेच्या डोक्यावर एकच शब्द असतो, ‘शुभेच्छुक’. मी वीस वर्षं हाताने पाट्या रंगवल्या आणि पुढची पंधरा वर्षं अशोक चौकाजवळ फ्लेक्सचं दुकान चालवतोय. हे शास्त्र मला कुणी शिकवायला नको. कुणाला कुठं बसवायचं, कुणाच्या मिशीला काळा रंग द्यायचा, कुणाचं टक्कल फेट्याखाली झाकायचं, सगळं पाठ आहे. इतकं पाठ असून मी माती खाल्ली. अंबिकाला मी शुभेच्छुकांत बसवलं. मी, स्वतःच्या हाताने.

ती आता गावात नाही. दोन महिन्यांपूर्वी आईला घेऊन भिवंडीला भावाकडे गेली. आणि इथं आता कुणालाही विचारा, सोलापुरात हे हिपहॉप, हे रॅप, हे डोक्यावर गरगर फिरणं कुणी सुरू केलं? लोक पाच पोरांची नावं सांगतील. पाचही खोटी. म्हणजे पोरं खरी आहेत, पण सुरुवात त्यांची नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट माझ्याच डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली, म्हणून हे लिहितोय. मी तापट माणूस आहे, लिहिता लिहिता आवाज चढेल. चढू दे.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भर उन्हाळ्यातली दुपार. एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी सायकलवरनं दुकानाशी उतरली. मागच्या कॅरिअरला फडक्यात बांधलेलं सूप. दोन्ही कोपरं खरचटलेली, एकावर हळद लावलेली.

“काका, जुना फ्लेक्स हाय का? मोठा पायजे. कुठल्या बी माणसाचा चालंल.”

जुने फ्लेक्स न्यायला लोक येतातच. कुणी छपरावर टाकतं, कुणी कडब्यावर झाकतं, शेळ्यांच्या गोठ्याला आडोसा करतं. मी विचारलं, “छपराला का?”

“न्हाई. पाठीवर फिरायला.”

मला वाटलं पोरीला ऊन लागलं. एका वाढदिवसाचा पंधरा फुटी फ्लेक्स होता तो मी तिच्या अंगावर टाकला. तिने तो दुकानासमोरच अंथरला, छापलेली बाजू खाली, पांढरी वर. चारी कोपऱ्यांवर माझेच रंगाचे डबे ठेवले, न विचारता. मग पाठ टेकली, पाय आवळले आणि भोवऱ्यासारखी फिरायला लागली. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत ती सरकत येऊन माझ्या शिडीला धडकली आणि शिडी माझ्या खांद्यावर.

“लागलं का काका?”

“मला काय विचारतेस? तुझं कोपर बघ!”

“ते रोजचंच हाय,” म्हणाली आणि हसली. पुढचा एक दात जरासा तुटलेला होता. तोही फिरण्यातच तुटला होता, हे मला नंतर कळलं.

घरातल्या मोबाईलवर परदेशातल्या पोरापोरींचे व्हिडिओ बघून ती हे शिकली होती. तिकडे म्हणे पुठ्ठ्यावर फिरतात. “आपल्याकडं पुठ्ठा भंगारवाला सोडत न्हाई काका, पण फ्लेक्सला काय तोटा हाय का सोलापुरात?” हा शोध तिचा. आज गावात जितकी पोरं जुन्या फ्लेक्सवर फिरतात, ती सगळी तिचा शोध वापरतात. त्यातल्या एकाला तरी माहीत असेल का? विचारूच नका.

ती फ्लेक्स नेहमी पालथा अंथरायची. एकदा मी म्हटलं, अगं, छापलेली बाजू जास्त गुळगुळीत असते, सुलटा टाक की. तर म्हणाली, “माणसाच्या तोंडावर पाय न्हाई द्यायचा काका.”

“हे लोक आपल्या तोंडावर पाय देऊनच वर गेलेत की!”

“ते त्यांचं. आपण न्हाई द्यायचा.”

तिची दुसरी खोड म्हणजे फ्लेक्स खालून वाचायची. कुठल्याही चौकात नवा फ्लेक्स लागला की आपण मधला मोठा चेहरा बघतो. ही आधी तळाची रांग बघायची. एकेका तिकिटावर बोट ठेवून, नावासकट. “वरच्यांना सगळं गाव बघतंय, ह्यांना कोण बघणार?” माझ्या दुकानात नवीन फ्लेक्स सुकत टांगलेला असला की ही उकिडवी बसून खालचे चेहरे बघायची आणि कुणाचं नाव चुकलेलं असेल तर नेमकी तीच सांगायची. ती खोड ध्यानात ठेवा. मी नाही ठेवली, आणि तिथंच फसलो.

तिचं घर शहराबाहेर कुंभारीला, विडी कामगारांच्या घरांत. घरात बोलणं तेलुगू, दारात मराठी, शेजारी दखनी उर्दू. बाप पूर्वी विणकामाच्या मागावर होता, तो लवकर गेला. आई विड्या वळायची, अंबिकाही वळायची. एकदा कुंभारीत एका दुकानाची पाटी लावायला गेलो होतो तेव्हा तिच्या घरी डोकावलो. आई उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवलेली पानं. बोटं आपोआप चाललेली आणि मधूनमधून खोल छातीतनं खोकला.

“तुमीच पेंटर का?” आई म्हणाली. “हिला जरा सांगा की. पोरगी हातावर उभी राहतंय, रस्त्यात. हात मोडला तर विडी कोण वळतंय?”

“हात मोडला तर तोंडानं काम करीन, अम्मा,” आतनं उत्तर आलं.

“तोंड तर आधीपासनंच चाललंय!” आई म्हणाली आणि हसता हसता पुन्हा खोकली.

गंमत नव्हती त्यात. ज्या हातांवर घर चाललेलं, त्याच हातांवर ही सगळ्या अंगाचा भार टाकून उलटी उभी राहायची. तिच्या आईचा राग मला तेव्हा जुनाट वाटला होता. आता वाटतं, त्या गावात त्या पोरीच्या हातांची काळजी करणारं ते एकच माणूस होतं.

आता गोलाची गोष्ट. रविवारी सकाळी मैदानाच्या भिंतीमागे कॉलेजची पोरं जमायची. गोल करून उभी राहायची, एकजण तोंडाने ताल धरायचा, दुसरा मधे जाऊन जुळवून जुळवून बोलायचा, मग तिसरा त्याला उत्तर द्यायचा. ह्या गोलाला ते सायफर म्हणतात. बोलणं सगळं हिंदीत, तेही मुंबईच्या हिंदीत. घरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन आलेली पोरं गोलात शिरली की ‘अपुन’ व्हायची. त्यांत रोहन नावाचा एक होता. आज तो ‘एमसी सुरुंग’ नावाने ओळखला जातो, म्हणून त्याचं नाव घेतो. ह्या रोहनने अंबिकाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, “लेडीजचं काम न्हाई हे. बाजूला बसून बघ.”

ती बाजूला बसली. पण नुसती बसून चालणार नव्हतं, त्या दिवशीच्या विड्या वळून द्यायच्या होत्या. म्हणून सूप मांडीवर घेऊन ती गोलाच्या बाहेर भिंतीला टेकून विड्या वळत बसायची. रविवारामागून रविवार असं चाललं. मी का बघायचो? माझी रविवारची चहाची टपरी तिथंच होती.

एका रविवारी ताल धरणारा पोरगा आला नाही. गोल जमेना, एकजण दुसऱ्याच्या पायात येऊ लागला. तेव्हा भिंतीजवळनं आवाज यायला लागला. पान ज्या मापाने कापतात तो छोटा पत्रा आणि कात्री. टक, टक-टक, टक. पोरं वळली. अंबिकाने मान वर केली नाही. विडी वळता वळता म्हणायला लागली.

“पान भिजलं, पान कापलं, वळलं, बांधला दोरा,
माझ्या आईच्या बोटांवरती साऱ्या गावचा तोरा.
धूर तुमचा, खोकला तिचा, वळती आई वळती,
बंडलावरच्या फोटोमंदी मिशीच कशी मिळती?”

मी चहाचा ग्लास हातात धरून तसाच उभा राहिलो. विडीच्या बंडलावर मालकाचा फोटो असतो, पिढ्यान्‌पिढ्या असतो. मी स्वतः तसले कितीतरी चेहरे भिंतींवर रंगवलेत. ती मिशी रंगवताना वळणारीचा चेहरा कधी माझ्या मनात आला नव्हता. ह्या पोरीने चार ओळींत मला उभं कापलं.

रोहन मात्र म्हणाला, “हे काय, विडीचं गाणं? हिपहॉप असं असतंय व्हय?”

“तुझी आई काय करती रे?” अंबिकाने विचारलं.

“...विडीच वळती.”

“मग तिचं बोल की! मुंबईच्या कुठल्या गल्लीचं बोलायलास? कुर्डुवाडीच्या पुढं गेलायस का कधी?”

पोरं फिसकन हसली. रोहनने मान खाली घातली. पण एक सांगतो, पोरगा आतून हलला होता. पुढच्या रविवारी त्याने आपल्या बोलीत चार ओळी आणल्या, अगदीच भिकार, पण आपल्या. अंबिकाने गोलात उभं राहून त्या दुरुस्त केल्या. हो, गोलात. तोवर जागा झाली होती. कुणी दिली नव्हती.

पुढची चार वर्षं ती त्या पोरांची मास्तरीण होती. रोहन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून तिची वाट बघायचा. “अक्का, ‘चौक’ला काय जुळतंय?” “शौक.” “अजून?” “अजून तुझं तू शोध, मी काय तुझी डिक्शनरी हाय का?” मराठी, तेलुगू, दखनी, तिन्ही एका ओळीत कसं बसवायचं, श्वास कुठं घ्यायचा, राग आला तरी आवाज कसा खाली ठेवायचा, सगळं तिने शिकवलं. गावाची बोली रॅपमध्ये पहिल्यांदा आणली तिने. पहिली उलटी उभी राहिली ती. माझ्या जुन्या हाताच्या अक्षरांची वळणं बघून दुकानामागच्या भिंतीवर पहिलं रंगीत नाव फवारलं तेही तिनेच. वर मला म्हणते, “काका, तुमी तर आधीपासनंच हिपहॉपवाले हाव की!” मी ओरडलो होतो भिंत खराब केली म्हणून. पण ती भिंत मी कधी पुसली नाही.

मग गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं, विडीचंच. स्टुडिओ कुठला? माझं फ्लेक्स छापायचं मशीन ज्या काचेच्या खोलीत आहे तीच खोली. आवाज घुमतो म्हणून तिने ओळखीच्या कारखान्यातनं चादरी मागून आणल्या आणि चारी भिंतींना टांगल्या. लाल, निळ्या, मोरांच्या, हरणांच्या सोलापुरी चादरी. मधे ती उभी, हातात मोबाईल. मी म्हटलं, मशीन बंद करतो. तेवढ्यात एक तातडीचा फ्लेक्स आला, बंद करता येईना. मशीन चालतं तेव्हा ‘झुईं-झुईं-टक’ करतं, आणि माझ्या मशीनचं एक चाक झिजलंय, त्यामुळे दर चौथ्याला ‘टक’ जरा लंगडतं. तिने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं. म्हणाली, “असू द्या काका. हे तर लई भारी हाय.” त्या लंगड्या टकवर ती अशी बसली की मला माझं भंगार मशीन एकदम शाहीर वाटायला लागलं. पत्रा आणि कात्री तिने वरून जोडली. नुसता ताल वेगळा आणि आवाज वेगळा असं रोहननेच त्याच्या कॉम्प्युटरवर करून ठेवलं. विश्वासाने दिलं होतं तिने.

त्यानंतर तिच्या आईचा खोकला वाढला. दोघींच्या वाट्याच्या विड्या एकीला वळाव्या लागल्या. रविवार सुटले. गोल मोठा झाला, पोरांचे फोटो यायला लागले, सुरुंगला लोक ओळखायला लागले. ती अधूनमधून जुना फ्लेक्स न्यायला यायची, घराजवळच्या पोरींना शिकवते म्हणायची. कधी तक्रार केली नाही. एवढंच एकदा म्हणाली, “गाणं कुणी बी म्हणू दे काका. सुरू कुणी केलं एवढं खरं सांगितलं तरी लई झालं.”

बस. एवढंच मागणं होतं तिचं. पैसा नाही, हार नाही, शाल नाही.

तीन महिन्यांपूर्वी सोलापुरातल्या हिपहॉपला दहा वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठरला. दहा वर्षं मोजली कुठून? त्याच रविवारपासून, जेव्हा ती पत्र्यावर कात्री वाजवत होती. तारीख तिची आणि वाढदिवस ह्यांचा! रोहन पेनड्राइव्ह घेऊन आला. वीस फुटी फ्लेक्स. वर मोठ्या अक्षरांत ‘सोलापुरी हिपहॉपचे जनक’, खाली पाच पोरं, हात छातीवर बांधून, मधे सुरुंग. ढगांत कुणीतरी साहेब, ते तर लागतातच.

मी म्हटलं, “अंबिका कुठाय?”

तो माझ्याकडं बघेना. “काका, ती आता कुटं असती? येत बी न्हाई. आणि फोटोत पाचच बसतेत.”

“तुला बोलायला कुणी शिकवलं रे?”

“व्हय की, मी कुटं न्हाई म्हणालो? पण पाच ठरलेत. कमिटीनं ठरवलंय.”

आता इथं माझी माती. मी तेव्हाच पेनड्राइव्ह त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. फेकला नाही. काम मोठं होतं, ओळख जुनी होती, आणि फ्लेक्सवाल्याचं डोकं फ्लेक्ससारखंच सपाट होतं. मी काय केलं? तो गेल्यावर तळाच्या रांगेत एक चौकोन सरकवला, माझ्या मोबाईलमधला तिचा जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘कु. अंबिका’. वर तो शब्द होताच. मला वाटलं, मी न्याय केला. अहो, मी खूश होतो! बायकोला जेवताना सांगितलं की पोरांनी वगळलं होतं, मी घुसवलं. आमच्या धंद्यात हेच शिकलोय आम्ही, की कुणी रुसू नये म्हणून त्याला खाली चिकटवायचं. मानाची जागा आणि चिकटवायची जागा ह्यांतला फरक पस्तीस वर्षं चेहरे लावूनही मला कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स सुकत टांगलेला असताना ती आली. आईची औषधं घ्यायला गावात आली होती. नेहमीसारखी उकिडवी बसली आणि खालून वाचायला लागली. मी मागनं बघत होतो, आता हसेल म्हणून. तिचं बोट एकेक तिकीट पुढं जात राहिलं आणि थांबलं.

मग न वळता म्हणाली, “काका, मी कुणाला शुभेच्छा दिल्या?”

मी काहीतरी बोललो. पोरांनी टाकलंच नव्हतं, मीच आपलं, निदान फोटो तरी.

“त्यांनी न्हाई टाकलं ते चाललं असतं,” ती उठून म्हणाली. “न्हाई म्हणजे न्हाई. कुणीतरी कधीतरी विचारलं असतं, ती कुटाय म्हणून. आता कोण विचारतंय? हाय की मी. खाली हाय. हात जोडून हाय.”

फोटोत तिने हात जोडले नव्हते. पण त्या रांगेत सगळेच हात जोडल्यासारखे दिसतात, हे खरं आहे. मी म्हटलं, आत्ता काढतो, दुसरा छापतो. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तुमी काय वाईट मनानं न्हाई केलं.” आणि सायकलवर बसून गेली. वाईट मनाने केलं असतं तर बरं झालं असतं. निदान तिला भांडता तरी आलं असतं.

मी फ्लेक्स बदलला का? नाही. संध्याकाळी रोहनची माणसं आली आणि घेऊन गेली, आणि मी देऊन टाकला.

कार्यक्रमाला मात्र गेलो, त्याच मैदानावर. पुढच्या रांगेत साहेब, भाषणं, शाली, नारळ. एका भाषणात सुरुंगला ‘आपल्या मातीची भाषा रॅपमध्ये आणणारा पहिला वीर’ म्हटलं, आणि तो वीर मान खाली घालून लाजला. मग गाणं सुरू झालं. कर्ण्यांतनं पहिलाच आवाज आला, झुईं-झुईं-टक. आणि चौथा टक लंगडा.

माझं मशीन! माझं भंगार मशीन त्या मैदानात वाजत होतं आणि त्यावर सुरुंग बोलत होता. तिचा पत्रा, तिची कात्री, तिचा ताल, सगळं तसंच. ‘आई’ गेली होती, ‘विडी’ गेली होती. ‘माझ्या शहराच्या रस्त्यांवरती माझ्या नावाचा तोरा’ असं काहीतरी होतं, आणि मिशीची ओळ साहेबांना लागेल म्हणून उडवली होती. लोक नाचत होते. माझ्या कानशिलांतनं वाफा निघत होत्या.

मी स्टेजच्या मागे गेलो. तो घाम पुसत होता. त्याची गळपट्टी धरली मी, साठीच्या माणसाने. “चोरा,” म्हटलं, “हा ताल कुणाचा?”

“काका, सोडा की, लोक बघायलेत.”

“बघू देत! कुणाचा ताल? नाव का नाही घेतलंस तिचं?”

आणि तो काय म्हणाला सांगू? त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही बोलत. म्हणाला, “अक्काला आमी इसरलो न्हाई काका. फ्लेक्सवर टाकलंय की तिला. शुभेच्छुकांत हाय. तुमीच तर छापलंय.”

माझा हात आपोआप सुटला. त्यांच्या चोरीची पावती मीच फाडून दिली होती, वीस फूट बाय दहा फूट. मी घरी आलो आणि बायकोशी उगाच भांडलो.

पंधरा दिवसांनी फ्लेक्स उतरला आणि रिवाजाप्रमाणे माझ्याकडं परत आला. एरवी अंबिका न्यायला आली असती. ती आली नाही. मग मीच तो गुंडाळला, स्कूटरला बांधला आणि कुंभारीला गेलो. एक कागदही खिशात होता. त्यावर मी नवीन फ्लेक्सचं चित्र काढलं होतं, मधे एकटी अंबिका, छातीपासून वर, ढगांत कुणी नाही.

सकाळची वेळ. घरासमोरच्या मोकळ्या जागेत सात-आठ पोरी गोल करून उभ्या. उंबऱ्यावर आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप नव्हतं, रिकामेच हात. शेजारी दोन बोचकी बांधून ठेवलेली. परवा भिवंडीला निघायचं, अंबिका म्हणाली, तिथं दवाखाना बरा आहे, भाऊ आहे. मी कागद काढून दाखवला.

तिने बघितला, नीट घडी करून परत दिला. “नको काका. फ्लेक्स पंधरा दिवसांनी उतरतोय. मग कुणाच्या तरी शेळीवर पडतोय.”

“मग मी काय करू? सांग, काय करू मी?”

“आनलाय न्हवं एक? टाका की खाली. शेवटचा क्लास हाय आज.”

पोरींनी धावत येऊन स्कूटरवरनं फ्लेक्स सोडला आणि शिकवल्याप्रमाणे पालथा अंथरायला लागल्या. अंबिका म्हणाली, “आज सुलटा.”

पोरी थांबल्या. त्यांतली एक लहानशी, दोन वेण्यांची, म्हणाली, “अक्का, तोंडावर पाय?”

“बाकीच्यांच्या न्हाई. माझंच तोंड हाय की हितं, त्यावर चालतंय.” फ्लेक्स सुलटा पसरला गेला. पाच जनक आभाळाकडं बघत पडले. अंबिका तळाच्या रांगेशी गेली, उकिडवी बसली, बोटाने एकेक तिकीट मोजत आपल्या चौकोनाशी आली. “सगळं सुरू हितनं झालंय,” ती पोरींना म्हणाली. “म्हाईत असू द्या.” पोरींनी वाकून त्या जागेकडं नीट बघितलं.

मग मान वर न करताच म्हणाली, “काका, ताल द्या की. मशीन न्हाई, तर तोंडानं.”

मी चरफडलो. माझं वय काय, आजूबाजूला बायका बघायला उभ्या. तरी तोंड उघडलं. झुईं-झुईं-टक. आवाज फाटका निघाला, पोरी हसल्या.

“जोरात की!” ती ओरडली. “आज शुभेच्छुक तुमी हाव!”

मी जोरात केलं. चौथा टक लंगडा केला, तो कधी चुकणार नाही मला. तिने दोन्ही हात आपल्या फोटोवर टेकले, विड्या वळून वळून टोकं काळी पडलेली ती दहा बोटं पसरली, आणि पाय वर गेले. उंबऱ्यावरनं आई ओरडली, “हात सांभाळ गं!” अंबिका उलटी उभी होती आणि खालून वर बघत होती.